अडुसष्ट अंशांवरचं मटण

नागपुरात धंतोलीतल्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सोळा वर्षं काउंटरवर बसले, तिथे लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मला ताप आला. मी भीत भीत आत गेले आणि म्हटलं, "मॅडम, थोडी कणकण वाटते. घरी जाऊ का?"

लॅबच्या मुख्य टेक्निशियन भोयर मॅडमनी मायक्रोस्कोपवरून डोकं उचललं नाही. "थोडी म्हणजे किती?"

"म्हणजे... थोडीच."

"थोडी हे काही माप नाही वं. थर्मामीटर लाव, आकडा सांग, मग घरी जा."

आकडा शंभर पूर्णांक दोन निघाला. मग मात्र त्यांनी स्वतः खाली उतरून मला ऑटो करून दिला. मी राहायचे शहराच्या टोकाला, बेसाला. ऑटोवाल्याला त्यांनी विचारलं, "बेसाले किती वेळ लागते?"

"अर्धा-पाऊण तास लागते, बाई."

"अर्धा की पाऊण?"

तो बिचारा माझ्याकडे पाहायला लागला. मी तेव्हाच ओळखलं की या बाईंबरोबर दिवस काढायचे तर आपल्याला बोलायची पद्धत बदलावी लागणार.

मॅडम ठेंगण्या होत्या. पांढरा कोट त्यांच्या गुडघ्यांखाली यायचा. कोटाच्या वरच्या खिशात दात घासायच्या ब्रशची प्लास्टिकची डबी असायची. आम्ही पोरी आपसात म्हणायचो की बाई दुपारी पण दात घासतात. डबीत होता काचेचा लांबलचक थर्मामीटर, त्यांच्या स्वतःच्या पैशाने घेतलेला. लॅबमध्ये वॉटर बाथ होता, म्हणजे स्टीलच्या पेटीत गरम पाणी, त्यात रक्ताच्या नळ्या सदतीस अंशांवर ठेवायच्या. पेटीवर आकडा दिसायचा, पण मॅडम रोज सकाळी आपला थर्मामीटर त्यात बुडवायच्या आणि दोन्ही आकडे जुळले तरच कामाला सुरुवात व्हायची.

एकदा डॉक्टरसाहेबांनी मोठं परदेशी मशीन आणलं. ते बसवायला टाय लावलेला एक इंजिनिअर आला. मॅडमनी डबी उघडली, थर्मामीटर घातला आणि म्हणाल्या, "दीड अंश जास्त दाखवते."

इंजिनिअर हसला. "मॅडम, इम्पोर्टेड आहे. तुमचा थर्मामीटर चेक करून घ्या."

मॅडमनी बर्फ मागवला. बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर शून्यावर आला. पाणी उकळवलं, तिथेही तो बरोबर निघाला. मग त्यांनी इंजिनिअरला स्टूल दिलं आणि म्हणाल्या, "आता तुमच्या मशीनचं सांगा." तो संध्याकाळी साडेसहापर्यंत बसला होता. मशीन खरंच दीड अंश जास्त दाखवत होतं. जाताना त्याने टाय काढून खिशात ठेवला होता.

अशा बाईंना नवरा कसा मिळाला पाहा. भोयर सर शाळेत पी.टी. शिकवायचे. सहा फूट उंच, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाचं पोरगं या टोकाला सरळ उभं राहायचं. आणि सगळा कारभार अंदाजाने. रविवारी मटण त्यांनीच करायचं हा घरचा नियम. मी बेसाला त्यांच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहते, त्यामुळे रविवारी अकराच्या सुमाराला भाजलेल्या खोबऱ्याचा आणि खसखशीचा वास आमच्या बाल्कनीत यायचा आणि आमच्या घरी वरणभात खाणाऱ्यांची तोंडं उतरायची. मॅडमना त्या दिवशी स्वयंपाकघरात यायला बंदी होती. एकदा त्यांनी विचारलं होतं, "तिखट किती चमचे टाकलं?" सर म्हणाले, "मसाल्याले थर्मामीटर लावतं का वं? वासावरून समजते." तेव्हापासून मॅडम रविवारी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायच्या, आणि जेवताना तीन वेळा रस्सा मागून घ्यायच्या. तीन हा आकडा त्यांनीच मला सांगितलेला.

सरांना एकच वाईट सवय होती, खर्रा. तंबाखू-सुपारी घोटलेली ती पुडी गालात धरायची आणि दिवसभर चघळायची. मॅडमनी तीस वर्षं विनवलं, भांडल्या, पुड्या मोजल्या, मोजलेल्या पुड्या सरांसमोर ओळीने मांडल्या. सर म्हणायचे, "अवं, मैदानावर उभं राहावं लागते."

मॅडम रिटायर झाल्या त्याच वर्षी सरांचं तोंड आखडायला लागलं. दोन बोटं जातील एवढंच उघडायचं. मग गालाचं ऑपरेशन झालं, सगळे दात काढावे लागले आणि कवळी काही बसेना. नशिबाने दुखणं त्याच्या पुढे गेलं नाही. त्या सगळ्या दिवसांत मॅडमनी "मी सांगत होती ना" हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसलेली असायचे, म्हणून खात्रीने सांगते.

घरी आल्यावर सर बदलले. वरणभात कालवून खायचे आणि खिडकीजवळ बसायचे. रविवार आला की जास्तच गप्प. मॅडमनी कुकरमध्ये मटण शिजवून दिलं, आठ शिट्ट्या, दहा शिट्ट्या. मांस मऊ व्हायचं, पण त्याचे धागे सुटायचे आणि सरांच्या हिरड्यांत अडकायचे. "दोरी खाऊन राहिलो," सर म्हणाले. मग मॅडमनी मिक्सरमधून काढून दिलं. सरांनी वाटी पाहिली, विचारलं, "हे खाऊ की पिऊ?" आणि ताट सरकवलं. लग्नाला, बारशाला जाणं त्यांनी बंद केलं. लोकांसमोर जेवायची लाज वाटायची.

एका दुपारी मॅडमचा फोन आला. "रेखा, सरांचं वजन अठ्ठावन्न झालं." आणि फोन बंद. पूर्वी एकाहत्तर होतं, मला ठाऊक होतं. दुसरी बाई असती तर हमसून रडली असती. मॅडमनी आकडा सांगितला.

यातून वाट काढली त्यांच्या मुलीने. सोनल बंगळुरूला नोकरी करते. ती एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, सू वीद नावाचा प्रकार असतो. मटण पिशवीत बंद करायचं आणि ठरावीक तापमानाच्या पाण्यात चोवीस तास ठेवायचं. एकदम लोण्यासारखं होतं, धागे सुटत नाहीत. त्याचं मशीन येतं घरी वापरायचं. मी ऑर्डर करून पाठवते."

मॅडमनी तिला तापमान आणि तास पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाल्या, "अवं, हा तर वॉटर बाथ झाला."

खिडकीजवळून सरांचा आवाज आला, "म्हणजे मले आता नळीत घालणार."

"तू काही पाठवू नको," मॅडमनी मुलीला सांगितलं. "वॉटर बाथ मी निवडीन."

त्यानंतर पंधरा दिवस मी माझ्या स्कूटीवर मॅडमना मागे बसवून नागपूर पालथं घातलं. मशीनसाठी शेवटचं दुकान सीताबर्डीवरचं, तीन मजली, एसी लावलेलं. तिथल्या पोराने तीन मशीन टेबलावर मांडल्या. एक डब्यासारखी, झाकण असलेली. एक काळी चकचकीत दांडी, भांड्यात उभी करायची. तिला बटणच नव्हतं, सगळं मोबाईलवरून. आणि तिसरी साधी स्टीलची दांडी, तिच्या डोक्यावर आकडा आणि चार बटणं.

"मॅडम, ही काळी घ्या," पोरगा म्हणाला. "फॉरेनमधले सगळे शेफ हीच वापरतात."

"त्यांच्याकडे लाईट जाते का?"

"अं?"

"लाईट गेली आणि परत आली, तर ही आपल्या मनाने चालू होते का बंदच राहते? आमच्याकडे बेसाले दिवसातून एकदा तरी जाते."

पोराला माहीत नव्हतं. "मॅनेजरला विचारतो."

"मॅनेजरले काहून विचारता? पाणी आणा."

पाणी आणलं. दुकानात बादली नव्हती, म्हणून शेजारच्या चहावाल्याकडून पातेली आली. मॅडमनी ब्रशची डबी उघडली तसा तो पोरगा एक पाऊल मागे सरला. त्याला काय वाटलं कोण जाणे. डब्याच्या मशीनमध्ये त्यांनी चारही कोपऱ्यांत थर्मामीटर धरला. मधे पासष्ट, कोपऱ्यात त्रेसष्ट. "पाणी फिरतच नाही हिच्यात. कोपऱ्यातलं बोकड कच्चं राहीन." डबा बाद.

काळ्या दांडीसाठी पोराने स्वतःचा मोबाईल जोडला. पाणी गरम होत असतानाच त्याला कोणाचा तरी फोन आला आणि तो बाहेर निघून गेला. मोबाईल त्याच्याचजवळ. मॅडम दहा मिनिटं त्या बिनबटणाच्या दांडीकडे बघत उभ्या होत्या. तो परत आल्यावर म्हणाल्या, "तुमची मशीन तुमच्याबरोबर फिरायले गेली होती." काळी बाद.

उरली स्टीलची. मॅडमनी तिचं तापमान तपासलं, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. मग सरळ प्लग उपटला. पोरगा ओरडला. मिनिटभराने प्लग पुन्हा लावला, तर मशीन 'टीं' करून जुन्या आकड्यावर परत सुरू. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं म्हणणार नाही, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. माझ्या माहितीत हे त्यांचं हसणंच.

"खालची नळी उघडते का?" त्यांनी विचारलं. "आमचं बोअरचं पाणी जड आहे. आत पांढरा थर बसते, तो धुवाले पाहिजे."

नळी फिरवून उघडत होती. पोराला हेही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही कोणत्या कंपनीकडून आल्या आहात?"

"घरून आली," मॅडम म्हणाल्या.

मशीन घेतली. आता भांडं. त्यासाठी इतवारीच्या भांडेबाजारात जावं लागलं. हातगाड्या आणि टेम्पो यांच्यामधून स्कूटी काढताना मी घामाघूम, आणि मागे मॅडम पट्टी घेऊन बसलेल्या. त्यांना हवा होता स्टीलचा गंज, उभं खोल पातेलं, तोंडाला अरुंद, म्हणजे वाफ कमी जाईल. सातव्या दुकानात मनासारखा मिळाला. मग त्यांनी झाकणाला बाजूने खाच पाडून मागितली, मशीन आत घालायला.

दुकानदार म्हातारा होता. तो म्हणाला, "बाई, बावीस वर्षांत माझ्याकडे लोकं भोक बुजवाले आले. चांगल्या झाकणाले भोक पाडाले तुम्ही पहिल्याच."

"किती मिनिटं लागतीन?"

"मिनिटं? चहा घ्या तोवर होते."

"चहा किती मिनिटांचा?"

म्हाताऱ्याने चहा मागवलाच नाही, झटक्यात खाच पाडून दिली.

घरी पहिला प्रयोग साठ अंशांवर झाला. मॅडमनी मसाला, लसूण सगळं पिशवीत मटणाबरोबरच भरलं. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर कच्च्या लसणाचा असा भपकारा आला की माझ्या डोळ्यांत पाणी. मटण गुलाबी. सरांनी एक तुकडा बोटाने दाबला. "हे बोकड अजून जिवंत आहे."

दुसरा प्रयोग ऐंशीवर. यावेळी फक्त मीठ-हळद लावलं होतं. शिजलं, पण सगळा रस पिशवीत आणि तुकडे भुसभुशीत कोरडे. "दवाखान्याचं जेवण," सर म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं. मॅडम वहीत लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. मी "येते" म्हणून निघाले.

तिसऱ्या खेपेला आकडा ठरला अडुसष्ट, चोवीस तास. शनिवारी सकाळी अकराला गंज चढला. मी दुपारी सहज डोकवायला गेले आणि चार वाजता लाईट गेली. मे महिना, रस्त्यावरचा विजेचा डीपी जळाला म्हणे. बेसाला डीपी जळाला म्हणजे लाईट कधी येईल, कोणी सांगू शकत नाही.

मॅडमनी गंजाला दुलई गुंडाळली आणि थर्मामीटर धरून बसल्या. "साठच्या खाली गेलं तर फेकीन. कोमट पाण्यात मांस ठेवून जंतू वाढवाचे नाही."

"दीड किलो बोकड फेकशील?" सर खिडकीतून म्हणाले. आठवडाभरात ते मॅडमशी आपणहून पहिल्यांदा बोलत होते.

"फेकीन."

पासष्ट. साडेचौसष्ट. मॅडम दर पाच मिनिटांनी आकडा मोठ्याने वाचत होत्या. सरांची खुर्ची हळूहळू खिडकीकडून आमच्याकडे वळली. त्रेसष्ट झाल्यावर ते उठले, कपाटातून शाळेच्या क्रीडास्पर्धेचा निळा ब्लेझर काढला आणि दुलईवर चढवला. बाह्या गंजाभोवती बांधल्या. गंज आता पारितोषिक वितरणाला आलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता.

"बासष्ट," मॅडम म्हणाल्या. आणि मग, "एकसष्ट पूर्णांक चार."

"गॅसवर ठेवून द्या ना," मी म्हटलं.

"तळ तापेल, पिशवी चिकटेल. वर किती, खाली किती, काही समजणार नाही."

सर स्वयंपाकघरात गेले. त्यांनी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, बाहेर आले, गंजाचं झाकण काढलं, चार मग पाणी काढून टाकलं आणि उकळतं पाणी ओतलं. थांबले. गंजाला हाताची उलटी बाजू लावली, आणखी थोडं ओतलं.

"किती ओतलं?" मॅडमनी घाबरून विचारलं.

"जरुरीपुरतं."

मॅडमनी थर्मामीटर घातला. बघतच राहिल्या. मग माझ्यासमोर धरला, जणू त्यांना साक्षीदार पाहिजे होता. अडुसष्टला एक रेघ कमी.

"योगायोग," त्या म्हणाल्या.

पण तसाच योगायोग पुढचा तासभर चालू राहिला. पाणी जरा उतरलं की सर हात लावायचे, मगाने थोडं पाणी काढायचे, उकळतं ओतायचे. मॅडम मागून आकडा पाहायच्या आणि वहीत लिहायच्या. सदुसष्ट, अडुसष्ट, सदुसष्ट. सरांच्या कपाळावर घाम, बनियन ओलं, आणि मैदानावर उभं राहायचे तसे पाय फाकवून ते गंजासमोर उभे. सव्वासहाला पंखा फिरला आणि मशीन 'टीं' करून सुरू झाली. खालच्या मजल्यावरची पोरं "आली रे!" ओरडली. सर मॅडमकडे बघून म्हणाले, "उद्याचा मसाला मी करीन. तू बाहेर बस."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला आमच्या बाल्कनीत खोबऱ्याचा वास आला. मी चप्पल न घालताच त्यांच्याकडे गेले. मॅडम बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसल्या होत्या. पेपर उलटा होता हे मी सांगितलं नाही. सरांनी मसाला परतून पिशवीतलं मटण रसासकट कढईत सोडलं, एक उकळी दिली. ताटात वाढून पहिला तुकडा तोंडात घातला. जिभेने टाळूवर दाबला. डोळे मिटले.

मॅडम पेपर हातात धरूनच जवळ आल्या.

"रस्सा वाढ वं," सर म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी नऊ तुकडे खाल्ले. हा आकडा मी मोजलेला आहे. मॅडमना मोजता आले नाहीत, कारण त्या स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून भांडी घासत होत्या. भांडी घासायला त्यांच्याकडे बाई होती.

पुढे महिनाभराने फोन आला, "रेखा, एकसष्ट." त्याच्या पुढच्या महिन्यात त्रेसष्टचा. सर लग्नालाही जायला लागले, बरोबर स्टीलचा डबा घेऊन, पंगतीत बसून आरामात डबा उघडायचे आणि शेजाऱ्याला म्हणायचे, "तुम्ही तुमची दोरी खा."

गेल्या हिवाळ्यात सोनलला बाळ होणार म्हणून दोघांनी बंगळुरूलाच राहायला जायचं ठरवलं. बेसाचा फ्लॅट भाड्याने दिला. मी त्यांना पोचवायला नागपूर स्टेशनवर गेले. दारातल्या सामान तपासायच्या यंत्रात सगळ्या बॅगा गेल्या आणि एक थांबली. तिथली महिला पोलीस म्हणाली, "आजी, हे आत लोखंडी काय आहे? उघडा."

मॅडमनी साड्यांच्या घड्यांमधून मशीन काढली. ती बाई दचकली. मॅडमनी मशीन उभी धरली आणि शांतपणे सुरुवात केली: पाणी कसं फिरतं, पिशवीतली हवा पाण्यात बुडवून कशी काढायची, लसूण कच्चा काहून टाकायचा नाही. मागे लोकांची रांग वाढत होती. सर पुढून हाका मारत होते, "अवं चल, गाडी लागली!" ती पोलीस मात्र ऐकता ऐकता म्हणाली, "आजी, माझ्या सासऱ्याले पण दात नाहीत," आणि खिशातलं पेन काढून तळहातावर लिहून घ्यायला लागली. मॅडमनी तिला लिहिलेलं परत वाचून दाखवायला लावलं.

गाडीतला त्यांचा डबा प्लॅटफॉर्मच्या टोकाला होता. आम्ही धावतच पोचलो. सर आधी चढले आणि दारात उभं राहून हात खाली केला. मॅडमनी आधी मशीनची बॅग त्यांच्या हातात दिली. सरांनी ती छातीशी धरली, दुसरा हात पुढे केला, आणि मॅडमनी तो धरून पायरीवर पाय ठेवला. गाडी हलली तेव्हा दोघं दारातच उभे होते. सर मला काहीतरी ओरडून सांगत होते, ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या सरांना आत व्हायला सांगत, त्यांचा सदरा मागून घट्ट धरून उभ्या होत्या.